विंडोज कमांड प्रॉम्प्ट: ‘सेट’ की ‘सेटएक्स’?

‘सेट’ (set) आणि ‘सेटएक्स’ (setx) या दोन्ही कमांड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम वाचतात त्या नाव-किंमत जोड्या, ठरवायला वापरतात. नुसतं ‘सेट’ टाइप केलं की चालू विंडोतले सगळे व्हेरिएबल दिसतात. ‘सेट पी’ दिलं तर फक्त ‘पी’ने सुरू होणारे. ‘सेटएक्स’ अशी यादी देत नाही.

‘सेट’ने दिलेली किंमत त्या विंडोपुरती आणि तिथून सुरू केलेल्या प्रोग्रॅमपुरती टिकते. बरोबरच्या चिन्हाआधी स्पेस सोडू नका, ती नावाचाच भाग होते आणि मग व्हेरिएबल सापडत नाही.

‘सेटएक्स’मध्ये बरोबरचं चिन्ह नसतं: नाव, स्पेस, किंमत. ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, लिहिली जाते, म्हणून कायम राहते. पण चालू विंडोत दिसत नाही, नवी उघडावी लागते. सगळ्या युजरांसाठी हवी असेल तर ‘/एम’ जोडा आणि प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा.

चाचणीसाठी ‘सेट’च बरा, चुकलं तर विंडो बंद केली की झालं. ‘पाथ’ला (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्या यादीच्या व्हेरिएबलला) मात्र ‘सेटएक्स’ लावूच नका. ते 1024 अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकतं. शिवाय टक्क्यांच्या चिन्हांतला जुना पाथ (%PATH%) जोडला, तर सिस्टिमचा आणि युजरचा पाथ एकत्र होऊन युजरच्या खात्यात जातो. निस्तरताना नाकी नऊ येतात. पाथ बदलायला सिस्टिम प्रॉपर्टीजमधली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची विंडोच वापरा.