टॉर्नेडोनंतर शेजाऱ्यांची खबर घ्यायला वॉकी-टॉकी: वापरून बघितल्यावरचं माझं मत

सरळच सांगते, पाकिटावर मोठ्या अक्षरात '३५ मैल रेंज' छापलंय ते वाचून हे वॉकी-टॉकी घेणार असाल तर घेऊ नका. ३५ मैल म्हणजे ५६ किलोमीटर झाले, आणि ते एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर, मधे काही म्हणजे काही नसताना. घरं, झाडं, गाड्या असलेल्या वस्तीत हे मैलभर पोचले तरी नशीब, आणि जरा चढउतार असला की अर्ध्या मैलावरच खरखर सुरू होते. पण मला समोरच्या, शेजारच्या आणि कोपऱ्यावरच्या घरापर्यंत आवाज जायला हवा होता, बास. तेवढ्या कामाला मी या चारच्या पॅकला पाचपैकी चार देईन. एक कुठे कापला ते पुढे येईलच.

आम्ही अमेरिकेत राहतो तो पट्टा असा आहे की वसंत आला की फुलांच्या आधी सायरनची टेस्ट ऐकू येते. नवीन आलेल्यांना वाटतं टॉर्नेडो म्हणजे एक आला, गेला, संपलं. पण आउटब्रेक असतो तेव्हा एकामागून एक येत राहतात, कधी कधी दिवसभर आणि रात्रभरसुद्धा. २७ एप्रिल २०११ ला अलाबामात तर पहाटेच्या वादळानेच लाखो घरांची वीज घालवली आणि हवामान खात्याच्या रेडिओचे काही ट्रान्समीटरही बंद पाडले, आणि खरे राक्षस आले दुपारनंतर, तोपर्यंत कितीतरी लोकांकडे वॉर्निंग पोचायचा रस्ताच उरला नव्हता. म्हणून शेजाऱ्यांची चौकशी ही फक्त 'नंतर' करायची गोष्ट नाहीये, दोन वादळांच्या मधल्या वेळात 'अहो अजून एक येतोय, वर येऊ नका' हे सांगणंही त्यातच येतं, आणि त्यासाठी घराबाहेर पडून दार वाजवत फिरणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

आता तुम्ही म्हणाल फोन आहे ना. आहे, पण वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो आणि ती बॅटरी काही तासांची असते, तोही टॉवर उभा राहिला तर. शिवाय सगळं गाव एकाच वेळी सगळ्या गावाला फोन लावत असतं, त्यात टीव्हीवर राज्याचं नाव दिसलं की भारतातून आई-बाबा, मावश्या, आत्या सगळ्यांचे कॉल सुरू, त्यांची काळजी खरी असते हो, पण त्या गर्दीत एकही कॉल लागत नाही. टेक्स्ट मेसेज तुलनेने जातो कारण त्याला जागा कमी लागते आणि जरा वाट बघून तो पुन्हा प्रयत्न करतो. म्हणून लांबच्या लोकांसाठी आमची वेगळी व्यवस्था आहे, माझे दीर दुसऱ्या राज्यात राहतात, त्यांना एकच मेसेज, 'चौघेही ठीक, घर ठीक, वीज नाही', आणि पुढे भारतात कुणाला काय कळवायचं ते भाऊजी बघतात. आईला आधी हे अजिबात पटलं नव्हतं (तुझा आवाज ऐकल्याशिवाय मला चैन पडत नाही वगैरे), आता ती स्वतःच आत्याला सांगते की त्यांना फोन करून लाइन अडवू नका.

तर वॉकी-टॉकी. हे एफआरएस (फॅमिली रेडिओ सर्व्हिस, म्हणजे घरगुती वापराचे छोटे रेडिओ) प्रकारातले आहेत, अमेरिकेत त्याला लायसन लागत नाही. एकूण २२ चॅनल. एक गोष्ट मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात दडवलेली असते ती म्हणजे १ ते ७ आणि १५ ते २२ या चॅनलवर २ वॉटपर्यंत पॉवर चालते आणि ८ ते १४ वर फक्त अर्धा वॉट. 'आवाजच येत नाही, बेकार प्रॉडक्ट' असे रिव्ह्यू वाचते तेव्हा मला दाट शंका येते की ही मंडळी १० नंबरवर बसलेली असणार. याच्या वरचा प्रकार जीएमआरएस, त्यात पॉवर जास्त मिळते पण लायसन लागतं, परीक्षा नाही, ३५ डॉलर भरायचे, १० वर्षं चालतं आणि घरातल्या सगळ्यांना मिळून एकच. पण शेजारी हे घरचे धरत नाहीत, म्हणजे चार घरांना चार लायसनं, आणि एवढा उत्साह आमच्या रस्त्यावर नाही. भारतात कुणाला द्यायला नेणार असाल तर तो विचार सोडा, तिथे या फ्रिक्वेन्सीला अशी मोकळीक नाही.

प्रायव्हसी कोड नावाचा जो प्रकार आहे तो पहिल्या दिवशी बंद करून टाका. नावावरून वाटतं आपलं बोलणं गुप्त राहील, तसं काही होत नाही, त्याने फक्त दुसऱ्यांचा आवाज तुमच्या सेटवर येत नाही. आणि चार सेटपैकी एकावर चुकून वेगळा कोड पडला की तो माणूस बोलतोय, आपल्याला सगळं शांत, आणि आपण इकडे समजतो की त्या घरात कोणी उत्तर देत नाहीये, आता सांगा अशा रात्री यापेक्षा वाईट काय असेल.

आमच्याकडे परीक्षा झाली ती गेल्या आउटब्रेकच्या रात्री. टॉर्नेडो आमच्यावरून नाही गेला, काही रस्ते पलीकडून गेला, पण झाडं पडली, तारा पडल्या, वीज गेली आणि फोनवरच्या सिग्नलच्या सगळ्या दांड्या गायब. वॉर्निंग संपल्यावर ठरल्याप्रमाणे हजेरी सुरू झाली. शेजारच्या आजी शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे ते काम आपोआप त्यांच्याकडे गेलंय आणि त्यांच्यासमोर कोणी आगाऊपणा करत नाही. एकेका घराने तीनच गोष्टी सांगायच्या, किती जण आहेत, कुणाला लागलंय का, आत्ता काय हवंय. आजींनी आधी स्वतःचं सांगितलं की आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर असल्यामुळे बंद पडलंय, सिलेंडरवर घेतलंय, सकाळपर्यंत पुरेल, पण सकाळी दुसरा बघावा लागेल. हे एक वाक्य फोनवर कळायला आम्हाला बहुतेक दुसरा दिवस उजाडला असता. समोरची नर्स ड्युटीवर होती, तिचा नवरा आणि बाळ ठीक होते. कोपऱ्यावरच्या घरातून काहीच नाही. परत हाक मारली, परत नाही.

मग माझा नवरा आणि नर्सबाईंचा नवरा निघाले, जाड बूट, टॉर्च, एक सेट बरोबर, आणि मी इकडे दुसरा सेट कानाला लावून. तुटलेल्या तारेपासून किमान ३५ फूट, म्हणजे दहा मीटरच्यावर लांब राहायचं, तार मेलेली दिसली तरी, आणि साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, म्हणून सरळ रस्त्याने न जाता मागच्या अंगणांमधून वळसा घालावा लागला. गॅसचा वास येतोय का ते दाराबाहेरच बघायचं, वास आला तर आत दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही, सगळ्यांना बाहेर काढून लांब जायचं आणि मग फोन. निघालं काय, तर ती मंडळी बेसमेंटमध्ये व्यवस्थित होती, मुलं पत्ते खेळत होती, आणि सेट वर किचनच्या ड्रॉवरमध्ये! तेव्हापासून नियम झालाय की सेट तिथेच राहील जिथे वादळात आपण बसणार, बूट आणि हेल्मेटच्या शेजारी.

ज्यांच्याकडे गॅरेजमध्ये स्टीलची सेफ रूम आहे त्यांनी एवढं लक्षात घ्या की त्या डब्याचं दार बंद असताना आतून सिग्नल जवळजवळ बाहेर येत नाही, वारा थांबल्यावर दार किलकिलं करूनच बोलावं लागतं. आणि दारासमोर ढिगारा पडला तर दारच उघडत नाही, म्हणून कुणाचं शेल्टर घरात कुठल्या बाजूला आहे हे शेजाऱ्यांना आधीच माहीत पाहिजे. ओक्लाहोमात काही शहरांमध्ये शेल्टरची नोंद करून ठेवता येते ती याचसाठी. आम्ही आमच्यापुरता एका कागदावर नकाशा काढून चारही घरांत लावलाय, त्यावर कुत्री-मांजरीपण आहेत.

ही हजेरी काहींना पोरखेळ वाटते. मिसूरीतल्या जॉप्लिनला मे २०११ मध्ये ईएफ-५, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीच्या टॉर्नेडोने दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यानंतर राज्याने ठावठिकाणा न लागलेल्यांची २३२ नावांची यादी काढली होती, आणि त्यातले काही जण चक्क धडधाकट होते, फक्त ज्याने नाव दिलं त्याच्यापर्यंत त्यांची खुशाली पोचली नव्हती. अशा वेळी 'मी त्यांना स्वतः बघितलं, ते अमक्याकडे गेलेत' असं सांगणारा एक शेजारी असला की बचाव पथकाचा कितीतरी वेळ वाचतो. त्यामुळे कोणी घर सोडून नातेवाइकांकडे जाणार असेल तर ते रेडिओवर सांगून जातं आणि दाराला चिठ्ठी लावतं.

आता तक्रारी. यात आवाजाने आपोआप चालू होणारा मोड आहे, बटण न दाबता बोलता यावं म्हणून. वादळात तो वाऱ्याच्या आणि पावसाच्या आवाजानेच चालू होतो आणि एकाचा सेट असा अडकला की सगळा चॅनल अडतो, कारण एका वेळी एकालाच बोलता येतं. बंद ठेवा. बॅटरी इतके इतके तास असं जे लिहिलंय ते बहुतेक वेळ सेट नुसता गप्प पडून राहील असं धरून काढलेलं असतं, सतत बोललात तर खूप आधी संपते. पट्ट्याला अडकवायची क्लिप म्हणजे विनोद आहे, दोन सेटच्या तुटल्या, कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की क्लिप वॉरंटीत येत नाही. आणि कॉल टोनचं बटण असं पुढे ठेवलंय की घरातल्या लहान मुलाला ते सापडणारच, कोपऱ्यावरच्या धाकट्याने एका रविवारी सकाळी सगळ्या रस्त्याला उठवलं होतं.

बोलायची सवय मात्र करावी लागते. बटण दाबलं की एक सेकंद थांबून बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि पहिला शब्द 'नाही' असेल तर 'कुणाला लागलं नाही ना' च्या उत्तराचं काय होईल बघा. म्हणून आम्ही हो-नाही बंदच केलंय, पूर्ण वाक्य बोलायचं.

नवीन आयफोनवर, म्हणजे १४ आणि पुढचे, आयओएस १८ पासून सॅटेलाइटवरून मेसेज जातो, तर मग हे कशाला, असं माझा भाऊ म्हणाला. लांबच्या माणसांसाठी ते खरंच छान आहे, पण त्यासाठी बाहेर मोकळ्या आकाशाखाली उभं राहून फोन सॅटेलाइटच्या दिशेने धरावा लागतो, झाडं आड आली की अडतं, आणि आजींकडे तर अजून बटणांचा फोन आहे. फेसबुकचं 'मी सुरक्षित आहे' वालं बटण २०१४ पासून आहे, तेही चांगलं, पण त्याला मुळात इंटरनेट पाहिजे. शेजारच्या भिंतीपलीकडे काय चाललंय हे विचारायला सॅटेलाइटपर्यंत जायची गरज नाही.

घ्यायचेच असतील तर आतल्या आत चार्ज होणाऱ्या बॅटरीचे घेऊ नका, साध्या डबल-ए सेलवर चालणारे घ्या, वीज चार दिवस नसली तरी सेल घरात सापडतात, फक्त एरवी सेल बाहेर काढून ठेवा, नाहीतर आत गळून पत्रे गंजतात. हवामान खात्याचे चॅनल ऐकता येणारं मॉडेल असेल तर अजून उत्तम, सात फ्रिक्वेन्सी असतात, आपल्या भागात स्वच्छ येणारी आधीच शोधून ठेवा. तरीही झोपेतून उठवणारा वेगळा वेदर रेडिओ लागतोच, हे त्याची जागा घेत नाहीत. आणि सगळ्यांनी एकाच कंपनीचे घ्यायला पाहिजेत असं काही नाही, चॅनल नंबर सगळीकडे तेच असतात त्यामुळे कुठलेही एफआरएस सेट एकमेकांशी बोलतात, तेव्हा ऑर्डर करायच्या आधी शेजाऱ्यांना विचारा, एखाद्याच्या कॅम्पिंगच्या सामानात जुनी जोडी पडलेली असते.