हमी कशाची होती? कॉलेज अर्जांच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीचा अनुभव

अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात मुले असलेल्या मराठी पालकांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या मुलीच्या कॉलेज प्रवेशाचे आणि आर्थिक मदतीच्या अर्जांचे काम एका सल्लागार कंपनीकडे सोपवले. तिने आमच्याकडून ३,९०० डॉलर घेतले, आणि त्या बदल्यात जे दिले त्यातले बरेचसे सरकारकडून, शाळेकडून किंवा खुद्द कॉलेजांकडून विनाशुल्क मिळते. उरलेले चुकीचे होते, आणि त्यातली एक चूक आम्हाला शुल्कापेक्षाही महाग पडली. कंपनीचे नाव मी येथे देत नाही. नाव बदलायला वेळ लागत नाही, कामाची पद्धत मात्र तीच राहते, आणि ओळखायला हवी ती पद्धत.

सुरुवात टपालाने आलेल्या पत्राने झाली. लिफाफ्यावर सरकारी वाटावी अशी मुद्रा होती, आत मुलीचे पूर्ण नाव, शाळेचे नाव, बारावी संपण्याचे वर्ष, आणि ‘तिच्या फाइलचे परीक्षण झाले असून आपल्या कुटुंबासाठी मुलाखतीची वेळ राखून ठेवली आहे’ असा मजकूर होता. एवढी माहिती मिळवायला कोणतीही फाइल लागत नाही. शाळेत किंवा ऑनलाइन मुले करिअरविषयीच्या ज्या प्रश्नावल्या भाबडेपणाने भरतात, त्यांतून अशा याद्या तयार होतात आणि विकल्या जातात. कार्यक्रम एका हॉटेलच्या सभागृहात होता आणि दोन्ही पालकांनी यावे, अशी अट होती. त्या अटीचे कारण आम्हाला नंतर कळले: एकटाच पालक आला तर तो ‘घरी विचारून सांगतो’ असे म्हणून निघून जाऊ शकतो.

वक्ता चांगला बोलला, हे मान्य करायला हवे. त्याने पडद्यावर काही नामांकित खासगी विद्यापीठांचा वार्षिक खर्च दाखवला, तो चारने गुणला आणि सभागृह शांत झाले. आकडे खोटे नव्हते, पण ते छापील दर होते, आणि असंख्य कुटुंबे छापील दराने पैसे भरत नाहीत. केंद्र सरकारच्या मदत योजनांत सहभागी असलेल्या कॉलेजांना ऑक्टोबर २०११ पासून आपल्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. उत्पन्न, बचत, कुटुंबातील माणसे अशी माहिती भरली की आपल्यासारख्या कुटुंबाला त्या कॉलेजात प्रत्यक्षात साधारण किती खर्च येईल याचा अंदाज काही मिनिटांत मिळतो. त्या संध्याकाळी या सोयीचा उल्लेखही झाला नाही, आणि तो होणारही नव्हता, कारण तो झाला असता तर भीती उरली नसती आणि भीती नसती तर कंपनीला विकण्यासारखे काही राहिले नसते.

आपल्या पिढीतील पालक या भीतीला अधिक बळी पडतात, असे माझे मत आहे. आपण प्रवेश पाहिले ते गुणवत्ता याद्यांचे, कटऑफचे आणि केंद्रीय फेऱ्यांचे. अमुक टक्के मिळाले की अमुक कॉलेज मिळते, हे आपल्याला कळते. येथे मात्र ६५० शब्दांचा निबंध, दहा उपक्रमांची यादी, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि त्यावर कुटुंबाच्या उत्पन्नाचा हिशेब असा सगळा मामला असतो, आणि निर्णय कोणत्या निकषावर झाला हे कोणी सांगत नाही. अशा वेळी ‘आतली माहिती आमच्याकडे आहे’ असे कोणी ठामपणे सांगितले की ते खरे वाटते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शिष्यवृत्ती आणि आर्थिक मदतीच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध १९९६ मध्ये मोहीम उघडली आणि २००० साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. ‘ही माहिती तुम्हाला इतरत्र मिळणार नाही’, ‘तुमची निवड झाली आहे’, ‘सगळे काम आम्ही करू, तुम्ही फक्त शुल्क भरा’, ‘हमी आहे, नाहीतर पैसे परत’ या वाक्यांपासून सावध राहा, असे हा आयोग अनेक वर्षे सांगत आला आहे. आम्ही ही चारही वाक्ये एकाच संध्याकाळी ऐकली.

त्यातल्या हमीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सगळे कौशल्य तिथेच होते. करारात असे कलम होते की, पहिल्या वर्षासाठी मुलीला देऊ केलेली एकूण आर्थिक मदत कंपनीच्या शुल्काहून कमी असेल, तर पूर्ण शुल्क परत मिळेल. वाचणाऱ्याला वाटते की यात धोका काहीच नाही. परंतु ‘आर्थिक मदत’ या सदरात अनुदान आणि शिष्यवृत्तीबरोबरच कर्जही धरले जाईल, हे दुसऱ्या पानावरच्या व्याख्येत लिहिले होते. आता, फॅफ्सा (केंद्र सरकारकडून आर्थिक मदत मिळण्यासाठीचा मोफत अर्ज) भरणाऱ्या आणि मूलभूत अटी पूर्ण करणाऱ्या, पालकांवर अवलंबून असलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारचे ५,५०० डॉलरपर्यंतचे थेट कर्ज मिळू शकते, आणि त्याच्या विनाअनुदानित, म्हणजे शिकत असतानाच व्याज चढणाऱ्या, प्रकारासाठी कुटुंबाची आर्थिक गरज सिद्ध करावी लागत नाही. म्हणजे कंपनीने काहीही केले नाही, फक्त एक मोफत अर्ज भरला, तरी मुलीच्या नावावर निघणारे कर्ज हीच ‘मदत’ धरली जाणार आणि ३,९०० डॉलर परत करण्याची वेळ कधी येणारच नाही. शुल्क ५,५०० च्या आत का ठेवले होते, हेही त्यावरून कळते. ज्या पैशांची परतफेड व्याजासह मुलीनेच करायची, त्या पैशांच्या आधारे कंपनीने आपली हमी पूर्ण झाल्याचे पुढे आम्हाला लेखी कळवले.

करार झाल्यावर काही आठवडे फोन वेळेवर येत होते. मग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ई-मेल आला की फॅफ्सा सादर झाला असून ‘रांगेत तुमचा क्रमांक वर आहे’. ज्यांनी ते वर्ष अनुभवले त्यांना या वाक्यातला खोटेपणा लगेच कळेल. २०२४-२५ चा नवा अर्ज वेळेवर सुरू झाला नव्हता आणि डिसेंबर २०२३ च्या अखेरीस उघडल्यानंतरही त्यात गोंधळ झाले होते. म्हणून २०२५-२६ चा अर्ज शिक्षण खात्याने १ ऑक्टोबर २०२४ पासून मोजक्या विद्यार्थ्यांवर टप्प्याटप्प्याने तपासला आणि सर्वांसाठी तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात खुला झाला. आमची मुलगी त्या चाचणीत नव्हती. जो अर्ज तिच्यासाठी उघडलाच नव्हता, तो सादर झाल्याचे आम्हाला कळवण्यात आले होते.

याहून गंभीर गोष्ट खात्यांची होती. फॅफ्सासाठी विद्यार्थी आणि पालक या दोघांनाही सरकारी संकेतस्थळावर आपापले स्वतंत्र खाते काढावे लागते. ते खाते सहसा सोशल सिक्युरिटी क्रमांकाशी जोडलेले असते, त्याचा उपयोग कायदेशीर सही म्हणून होतो आणि त्यातून प्राप्तिकर विभागाकडील माहिती अर्जात घेण्यास संमती दिली जाते. या खात्याचा पासवर्ड दुसऱ्या कोणालाही देऊ नये, पैसे घेऊन अर्ज भरून देणाऱ्यालाही नाही, अशी शिक्षण खात्याची स्पष्ट सूचना आहे. कंपनीने ‘सोयीसाठी’ आमची खाती स्वतः काढली आणि त्यांवर आमच्याऐवजी आपलाच ई-मेल पत्ता घातला, त्यामुळे पडताळणीचे कोड आणि सरकारी सूचना कंपनीकडे जात राहिल्या. ती खाती पुन्हा आमच्या ताब्यात येईपर्यंत हेल्पलाइनवर जो वेळ गेला, तेवढ्यात अर्ज दोनदा भरून झाला असता. पुढे मुलगी त्याच खात्यावरून कर्जाच्या करारावरही सही करणार होती, हे लक्षात घेतले तर घराच्या किल्ल्या अनोळखी माणसाकडे ठेवण्यासारखाच हा प्रकार होता.

आमचे प्रत्यक्ष नुकसान मात्र दुसऱ्याच अर्जामुळे झाले. अनेक खासगी कॉलेजे स्वतःच्या निधीतून मदत देताना फॅफ्साखेरीज कॉलेज बोर्डाचा ‘सीएसएस प्रोफाइल’ हा अर्जही मागतात. तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतो, त्यात घराच्या किमतीपासून अनेक गोष्टी विचारल्या जातात, आणि प्रवेशाचा निर्णय लवकर मिळावा म्हणून आधी अर्ज करणाऱ्यांसाठी त्याची मुदत पुष्कळ ठिकाणी नोव्हेंबरमध्येच संपते. मुलीच्या पहिल्या पसंतीच्या कॉलेजाला तो हवा होता. कंपनीने तो भरला नाही आणि भरायचा आहे असे सांगितलेही नाही. विचारल्यावर उत्तर आले की करारातील ‘आर्थिक मदतीचा अर्ज’ म्हणजे फक्त केंद्र सरकारचा अर्ज. कॉलेजाने उशिरा आलेला अर्ज स्वीकारला, पण मुदतीत अर्ज करणाऱ्यांना दिला जाणारा निधी तोवर वाटून झाला होता.

शिष्यवृत्त्यांची जी जाडजूड ‘वैयक्तिक यादी’ आम्हाला मिळाली, तीत मुदत संपलेल्या आणि मुलीला लागूच न होणाऱ्या शिष्यवृत्त्या भरलेल्या होत्या. श्रम खात्याच्या ‘करिअर वन स्टॉप’ या मोफत संकेतस्थळावर हजारो शिष्यवृत्त्या चाळता येतात आणि तेथील यादी पुष्कळ बरी आहे. निबंधाच्या बाबतीत मुलीनेच आम्हाला वाचवले. ‘संपादित’ होऊन आलेल्या मसुद्यात तिच्या आजीच्या आजारपणाचा एक प्रसंग घातलेला होता आणि तो कधी घडलाच नव्हता. तिने तो मसुदा वापरायला नकार दिला. कॉमन अ‍ॅपवर (अनेक कॉलेजांसाठीच्या एकाच सामायिक प्रवेश अर्जावर) सही करताना विद्यार्थी हे सगळे आपलेच आणि खरे आहे असे लिहून देतो, आणि ते खोटे निघाले तर प्रवेश विद्यार्थ्याचा जातो, संपादकाचे काहीच जात नाही.

याशिवाय बचत जीवनविम्यात ‘हलवण्याचा’ आग्रह होता. विम्याचे रोख मूल्य फॅफ्सात धरले जात नाही, हे खरे आहे. परंतु पालकांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भागच त्या हिशेबात येतो. ५०,००० डॉलर विम्यात घातले तरी ‘स्टुडंट एड इंडेक्स’ (कुटुंब किती खर्च पेलू शकेल याचा फॅफ्सातून निघणारा निर्देशांक) फार तर २,८२० डॉलरने कमी होतो, आणि मधल्या काळात पैसे काढावे लागले तर विमा कंपनीची कपात सहज त्याहून अधिक असू शकते. निवृत्तीच्या खात्यांतील रक्कम आणि राहते घर फॅफ्सात मुळातच धरले जात नाही. ज्या कुटुंबाचा निर्देशांक आधीच कॉलेजच्या खर्चाहून वर आहे, त्याला या हलवाहलवीचा काहीच उपयोग नसतो. विकणाऱ्याला मिळणारे कमिशन मात्र ठरलेले असते. ही एक पॉलिसी आम्ही घेतली नाही.

सगळेच सल्लागार असे नसतात, हे येथे लिहिणे न्यायाचे होईल. स्वतंत्र शैक्षणिक सल्लागारांची ‘आयईसीए’ ही संघटना १९७६ पासून आहे. तिच्या आचारसंहितेनुसार सदस्य प्रवेशाची हमी देत नाहीत आणि विद्यार्थी पाठवल्याबद्दल कॉलेजांकडून मोबदला घेत नाहीत. आम्हाला अखेर खरी मदत झाली ती मुलीच्या सरकारी शाळेतील समुपदेशक बाईंची. त्यांच्याकडे विद्यार्थी फार असतात आणि भेटीची वेळ मिळायला थांबावे लागते, म्हणून पालक बाहेर वळतात. पण करार समोर ठेवल्यावर कर्जाची मेख त्यांनी पहिल्याच वाचनात दाखवली.

पैसे परत मिळवण्याविषयी. हॉटेलसारख्या तात्पुरत्या जागी झालेल्या १३० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेच्या विक्रीला फेडरल ट्रेड कमिशनचा ‘कूलिंग ऑफ’ नियम सहसा लागू होतो. त्यानुसार तिसऱ्या कामकाजी दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत ग्राहक कारण न देता करार रद्द करू शकतो, आणि विक्रेत्याने हा हक्क तोंडी सांगून रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती देणे आवश्यक असते. (विम्याला हा नियम लागू नाही.) आम्हाला फॉर्म मिळाला नव्हता, आणि तक्रारीत हा मुद्दा सर्वांत वजनदार ठरला. क्रेडिट कार्डावरील आक्षेप मात्र बिल पाठवले गेल्यापासून ६० दिवसांत लेखी नोंदवावा लागतो. आम्ही शुल्क हप्त्यांनी भरले होते, त्यामुळे शेवटच्या दोन हप्त्यांचे १,३०० डॉलर कार्ड कंपनीने परत मिळवून दिले. आधीच्या हप्त्यांची मुदत उलटून गेली होती. फेडरल ट्रेड कमिशन तक्रार नोंदवून घेते, पण वैयक्तिक वाद सोडवत नाही, म्हणून उरलेल्या २,६०० डॉलरसाठी आम्ही राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार केली आहे. तिच्यासोबत करार, हमीचे पत्र, ऑक्टोबरमधला तो ई-मेल आणि फॅफ्सा प्रत्यक्षात सादर झाल्याची तारीख दाखवणारे पान जोडले आहे. कंपनीने उत्तरादाखल हमीच्या कलमाची प्रत पाठवली असून प्रकरण अजून चालू आहे.