गळतीची वर्दी देणारी यंत्रे आणि त्यांचे भोंगे

घरात पाण्याची गळती झाली की वर्दी देणाऱ्या यंत्रांपुढे पाणी ओळखणे हे अवघड काम मुळीच नाही. तळाशी धातूची दोन टोके असतात. फरशीवर पसरलेले पाणी त्या दोहोंना जोडते, त्यातून अगदी क्षीण विद्युतप्रवाह वाहू लागतो आणि यंत्राला गळती कळते. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार एवढ्या कामाला पुरतात. त्यामुळे या एका कसोटीवर स्वस्तातले यंत्र आणि महागडे यंत्र जवळजवळ सारखेच उतरते, आणि खोक्यावर ‘अतिसंवेदनशील’ असे कितीही ठळक छापलेले असले तरी त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही. साधे भोंगेवाले, वाय-फायवर चालणारे आणि झिग्बी या कमी विजेवर चालणाऱ्या बिनतारी पद्धतीच्या हबला (म्हणजे सगळी यंत्रे जिच्याशी बोलतात त्या मधल्या पेटीला) जोडलेले, असे तिन्ही प्रकार घरात वापरल्यावर माझी खरेदीची कसोटी वेगळी झाली आहे. हे यंत्र वर्षाचे जवळजवळ सगळे दिवस गप्प बसणार असते. फरशी कोरडी आहे म्हणून ते गप्प आहे, की सेल संपला म्हणून गप्प आहे, हे ज्या यंत्रावरून कळत नाही ते मी घेणार नाही.

आधी पाण्याचा वेग पाहू. वॉशिंग मशीनला पाणी पुरवणारी नळी तिच्यामागचा कॉक उघडा असेल तर मशीन बंद असतानाही दाबाखाली असते आणि म्हणूनच ती कधीही फुटू शकते. तिच्यातून मिनिटाला १० लिटर पाणी आले असे धरले, तर १० चौरस मीटरच्या सपाट खोलीत १ सेंटीमीटर पाणी साचायला जेमतेम १० मिनिटे लागतात. तासाभरात ६०० लिटर पाणी घरभर झालेले असते. वर्दी दोन सेकंदांत मिळाली की वीस सेकंदांत, याने इथे फारसा फरक पडत नाही. ती ऐकून कोणीतरी पहिल्या काही मिनिटांत मुख्य कॉक बंद करतो का, यावर सगळे अवलंबून असते.

साधे भोंगेवाले यंत्र याच मुद्द्यावर कमी पडते. एक मीटर अंतरावर ८५ डेसिबल हा आकडा कानठळ्या बसवणारा वाटतो, परंतु मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे आठ मीटरवर तो ६७च्या आसपास येतो, आणि मध्ये एखादे बंद दार असले तर ते आणखी २० डेसिबल सहज गिळते. उरतो तो आवाज दोन माणसांच्या सामान्य बोलण्यापेक्षाही हलका. शिवाय यंत्र बहुधा सिंकखालच्या बंद कपाटात किंवा मशीनच्या मागे ठेवलेले असते, म्हणजे भोंग्याच्या तोंडावर आपणच हात ठेवल्यासारखे. तरीही हा प्रकार मी टाकून दिलेला नाही. त्याला राउटर लागत नाही, ॲप लागत नाही, वीज गेली तरी तो वाजतो, आणि सेल उतरत आला की थांबून थांबून ‘टिक्’ असा आवाज करून तसे सांगतोही. माणसे दिवसरात्र घरात असतात अशा लहान घराला एवढे पुरेसे आहे.

वाय-फायवर चालणाऱ्या यंत्राची गोष्ट उलटी आहे. त्याची वर्दी फोन असेल तिथे पोहोचते, म्हणून ते सर्वांत आकर्षक दिसते. पण सेल टिकावा म्हणून हे यंत्र बहुतेक वेळ झोपलेले असते. पाणी लागल्यावर ते जागे होते, राउटरशी नव्याने जोडणी करते आणि मग संदेश पाठवते. राउटरचा पासवर्ड मधल्या काळात बदलला असेल, वीज नसेल किंवा इंटरनेट बंद असेल, तर पाण्यात बसूनही ते घरापासून दूर असलेल्या माणसाला काहीच कळवू शकत नाही. दिवसातून एकदा हजेरी लावणारी वाय-फाय यंत्रे मिळतात, आणि या प्रकारात घ्यायचेच तर तीच घ्यावीत. मी वापरलेले यंत्र अशी हजेरी लावत नव्हते. ॲपमध्ये त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका कायम दिसत असे आणि सेल काढून ठेवल्यावरही तो हिरवाच राहिला. त्या कंपनीचे नाव इथे देत नाही. ही उणीव अनेक यंत्रांत आढळू शकते आणि सेल काढून पाहण्याची परीक्षा कोणालाही घरी घेता येते.

हबला जोडलेल्या झिग्बी यंत्रांकडे माझा कल आहे तो याच कारणाने. ही यंत्रे ठरावीक काळाने हबला आपण जिवंत असल्याची खूण पाठवत राहतात. ती खूण येईनाशी झाली की हब त्या यंत्राची नोंद ‘संपर्काबाहेर’ अशी करतो. मात्र अनेक हब ही नोंद करून स्वस्थ बसतात, फोनवर कळवत नाहीत. संपर्क तुटल्याची सूचना मिळण्याचा नियम आपणच बसवावा लागतो, आणि माझ्या मते गळतीच्या सूचनेच्या आधी तोच बसवावा. अकारा या कंपनीचे लहानसे यंत्र सीआर२०३२ या बटणासारख्या सेलवर चालते आणि तो दोन वर्षांपर्यंत पुरेल असे कंपनी सांगते. त्याला आयपी६७ दर्जा आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी ते निकामी होऊ नये. पण त्याला स्वतःचा भोंगा नाही. आयकियाच्या बाड्रिंगमध्ये भोंगा आतच आहे, त्यामुळे हब बंद पडला तरी जागच्या जागी आवाज होतो. मला ही दुसरी रचना अधिक शहाणपणाची वाटते. मॅटर या वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांसाठीच्या सामाईक मानकाच्या मे २०२४ मध्ये आलेल्या १.३ आवृत्तीत गळती-संवेदकांचा समावेश झाला असल्याने पुढे एकाच कंपनीच्या हबला बांधून घेण्याची गरज कमी होत जाईल. हब आणि राउटर हे दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवणे मात्र आवश्यक आहे. नाहीतर वीज गेल्यावर घरापासून दूर असलेल्या माणसासाठी हा प्रकारही वाय-फायइतकाच मुका होतो.

लहरींच्या पल्ल्याबद्दल एक गोष्ट खोक्यावर सहसा लिहिलेली नसते. सेलवर चालणारी झिग्बी यंत्रे एकमेकांचे संदेश पुढे पोहोचवत नाहीत. ते काम सतत विजेवर असलेली उपकरणे करतात. त्यामुळे काँक्रीटच्या भिंतीपलीकडच्या न्हाणीघरातल्या यंत्राचा संपर्क वारंवार तुटत असेल, तर मधल्या खोलीत एक झिग्बी प्लग लावणे हा सोपा इलाज आहे.

यंत्र ठेवायचे कुठे, याचा विचार करण्यात खरेदीपेक्षा जास्त वेळ घालवावा. गळती होईल असा सांधा जिथे आहे तिथे यंत्र ठेवण्याकडे सगळ्यांचा ओढा असतो, पण पाणी थांबते ते उताराच्या शेवटी. भांडेभर पाणी सांध्याखाली सावकाश ओतून ते कुठल्या बाजूला वाहते हे पाहावे आणि जिथे ते पहिल्यांदा थबकते तिथे यंत्र बसवावे. काही घरांत हा उतार सिंकखालून थेट कपाटामागच्या कोपऱ्यात जातो, जिथे बशीएवढे यंत्र मावत नाही. तिथे दोरीसारखा लांब संवेदक उपयोगी पडतो, कारण तो संपूर्ण लांबीभर पाणी ओळखतो. गिझरखाली धातूचे तबक असेल तर यंत्राची टोके धातूला टेकू देऊ नयेत, नाहीतर कोरड्या तबकातही भोंगा वाजेल. यंत्र हलके असेल तर ते पाण्यावर तरंगून भलतीकडे जाते, म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावावी. फरशी पुसताना होणारा खोटा गजर हा या वस्तूचा सर्वांत मोठा शत्रू आहे, कारण वैतागून माणूस यंत्र उचलून फडताळावर ठेवतो आणि ते तिथेच राहते. पुसायच्या पाण्याचा ओघळ जिथे येणार नाही अशी जागा निवडावी, आणि साबणाचा थर टोकांवर वाळू नये म्हणून अधूनमधून ती कोरड्या फडक्याने पुसावीत.

भिंतीच्या आत पाझरणारे पाणी मात्र यातले कोणतेच यंत्र पकडत नाही. त्यासाठी मुख्य नळीवर बसणारी, प्रवाह आणि दाब मोजणारी यंत्रणा लागते. उदाहरणार्थ, मोएन कंपनीचे फ्लो हे यंत्र काही वेळ पाणी स्वतः बंद करून नळीतला दाब उतरतो का ते पाहते. छतावरच्या टाकीतून केवळ उंचीच्या जोरावर पाणी उतरते अशा घरांत दाब कमी असतो, म्हणून असे यंत्र घेण्यापूर्वी त्याला किमान किती दाब लागतो ते पाहून घ्यावे.

गळतीची वर्दी मिळताच हबने वाजवायचा स्वतंत्र भोंगा झोपण्याच्या खोलीत असावा, आणि त्याचा आवाज धुराच्या गजरापेक्षा अगदी वेगळा निवडावा. आग आणि पाणी यांवर माणसाने करायच्या गोष्टी परस्परविरुद्ध आहेत: एकात बाहेर पळायचे असते, दुसऱ्यात कॉकपर्यंत जायचे असते. पाणी विजेच्या प्लगपर्यंत पोहोचले असेल तर ओल्या फरशीवर पाय ठेवण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा आणि तो गाठायला पाण्यातूनच जावे लागत असेल, तर आत पाऊलही टाकू नये.

घर दिवसभर बंद राहणार असेल, तर माझ्या मते मोटरवर चालणाऱ्या कॉकशिवाय ही सगळी व्यवस्था अपुरी आहे. प्रवासात असताना फोनवर आलेली सूचना केवळ मनस्ताप देते. जुन्याच कॉकच्या दांड्यावर वरून बसणारी मोटर मिळते आणि नळी कापावी लागत नाही, हे तिचे मोठे सुख आहे. काही सेकंदांत ती दांडा पाव फेरा फिरवते. क्षार साचून कॉक घट्ट होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा तो आपोआप बंद होऊन पुन्हा उघडेल असा नियम लावता येतो. कॉक बंद करण्याची आज्ञा मात्र गळतीचा संवेदक सलग काही सेकंद ओला राहिल्यावरच द्यावी, म्हणजे दोन शिंतोडे उडाले म्हणून अंघोळीला बसलेल्याचे पाणी जाणार नाही. टाकीतून दोन-तीन नळ्या वेगवेगळ्या उतरत असतील तर प्रत्येकीचा कॉक वेगळा असतो, तेव्हा मोटर कोणत्या नळीवर लावायची हे आधी ठरवावे लागते. आणि गोल चाक फिरवून अनेक फेऱ्यांत बंद होणारा जुना कॉक असेल तर ही मोटर त्यावर चालतच नाही. अशा ठिकाणी आधी प्लंबरकडून पाव फेऱ्याचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्यावा, तो हाताने सहज फिरतो याची खात्री करावी आणि त्यानंतरच मोटर मागवावी.