हॅटरसचं भाड्याचं घर: मित्रांच्या आठवड्यासाठी उत्तम, पण वाळूची तयारी हवी

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या आउटर बँक्स या बेटांच्या माळेतलं हॅटरस बेट म्हणजे एकीकडे अटलांटिक, दुसरीकडे पाम्लिको साउंडची उथळ खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. इथली खांबांवर उभी असलेली मोठी घरं आठ-दहा मित्रांना अगदी सोयीची. उन्हाळ्यात ती बहुतेक शनिवार ते शनिवार किंवा रविवार ते रविवार अशीच मिळतात. शनिवारी मुख्य भूमीवरून इकडे येणाऱ्या राइट मेमोरियल पुलावर गाड्यांची रांग लागते, म्हणून जमलं तर रविवारचं घर घ्या. चादरी-टॉवेल भाड्यात धरलेत का, तेही आधीच विचारा.

गाडी किनाऱ्यावर न्यायची तर नॅशनल पार्क सर्व्हिसचा परवाना लागतो. सोबत फावडं, जॅक, जॅकखाली ठेवायला फळी आणि टायरचा कमी दाब मोजणारा गेज हवा. हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवा. लोक चुकतात ते इथेच. टणक चाक मऊ वाळू कापत आत जातं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आणखी रुततं आणि गाडी पोटावर बसते. डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरा.

पायात चप्पल हवीच, वाळूच्या टेकाडांजवळ सराट्यासारखे काटे असतात. मुलं बरोबर असतील तर खाडीची बाजू बरी, समुद्राकडे आत खेचणारा प्रवाह जबर असतो.

मोठी उणीव एकच. बेटाचा मुख्य रस्ता, हायवे १२, वादळात पाण्याखाली जातो. सप्टेंबर हा वादळांचा महिना, तेव्हाचं बुकिंग प्रवास विम्याशिवाय करू नका, आणि विमा लवकर काढा. वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळाला सहसा लागू होत नाही.