वाशीत मिळालेलं कोरियन जिनसेंग: एक जमलं, एक फसलं

ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल पकडून वाशी सेक्टर १७ ला गेलो, तिथल्या एका इम्पोर्टेड सामानाच्या दुकानात (नाव नाही टाकत, पण कारण वाचा). दुकानदार छातीठोकपणे सांगतो, रेड आणि व्हाइट जिनसेंग (कोरियातलं औषधी मूळ) ही वेगवेगळी झाडं. अहो नाही हो, मूळ एकच!

ताज्या मुळात जवळजवळ ७५ टक्के पाणी, म्हणजे ते टिकत नाही, मग सोलून उन्हात वाळवलं की व्हाइट. रेड बहुतेक ६ वर्षांच्या मुळाचं, साल न काढता आधी वाफवतात आणि मग वाळवतात, आपल्याकडे सांगलीला हळद शिजवून वाळवतात ना, साधारण तसंच, आणि तो तांबूस रंग वाफेवरच येतो, वरून काही लावत नाहीत. ब्लॅक म्हणजे हेच पारंपरिक पद्धतीने ९ वेळा. वाफवल्यामुळे जिनसेनोसाइड्स (जिनसेंगमधले मुख्य औषधी घटक) बदलतात, त्यातले आरजी३ सारखे काही व्हाइटमध्ये जवळपास नसतात ते रेडमध्ये तयार होतात. म्हणून रेड महाग.

मी तीन वस्तू घेतल्या. रेडचं अख्खं मूळ एकदम झकास, आईच्या अडकित्त्याने कातरायला घेतलं तर सुपारीपेक्षा कडक, आतून काचेसारखं तपकिरी. व्हाइटचं मूळ आतून खडूसारखं, पटकन तुटलं. चव दोन्हीची आधी कडू मग मागून हलकी गोड, आई म्हणाली "काडेचिराईत बरं यापेक्षा."

फसलो ते रेड जिनसेंग चहाच्या पाकिटांत. पुढे मोठ्ठं लाल मूळ छापलंय, मागे बारीक अक्षरात घटक वाचले तर पहिलं नाव ग्लुकोज, अर्क पार शेवटी चिमूटभर! परत द्यायला गेलो तर बिलावर "माल परत घेतला जाणार नाही" चा शिक्का दाखवला. घ्यायचंच तर नुसता अर्क असलेली काकवीसारखी घट्ट बाटली घ्या, आणि आधी मागचं लेबल वाचा.

हो, बाबांना दिलं नाही, ते रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेतात आणि जिनसेंगने तिचा परिणाम कमी होऊ शकतो, डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं. डायबेटिसची गोळी चालू असेल तरी आधी विचारा.

मुळांना ४ स्टार, दुकानाला २. चहाची पाकिटं अजून अर्धी पडून आहेत, घरातली साखर संपली की तीच टाकतो चहात.