क्रेयॉलाची ‘कलर्स ऑफ द वर्ल्ड’ रंगपेटी, सांगलीतून रिव्ह्यू

भाचीसाठी ऑनलाइन मागवली, इथल्या स्टेशनरीच्या दुकानांत विचारलं पण मिळाली नाही. २४ मेणाचे खडू आहेत आणि सगळेच्या सगळे माणसाच्या अंगाचे रंग, एकदम फिक्यापासून पार गडद तपकिरीपर्यंत, त्यातपण बदामी, सोनेरी, गुलाबी अशा वेगवेगळ्या झाका. ही पेटी निघाली २०२० ला. ह्याच कंपनीच्या एका फिकट खडूवर आधी ‘फ्लेश’ लिहिलेलं असायचं, ते १९६२ ला बदलून ‘पीच’ केलं. आपल्याकडे पोरं अजून त्याला स्किन कलरच म्हणतात. आमच्या घरात त्या रंगाचं एकही माणूस नाही तरी भाचीच्या वहीत आजी, आजोबा, ती स्वतः, सगळे तसलेच.

पेटी आल्या आल्या तिने आजोबांना धरून बसवलं. त्यांची तासगावला द्राक्षबाग, सगळं आयुष्य उन्हात गेलेलं. एकेक खडू त्यांच्या हाताला लावून बघत होती आणि तिचं तिलाच कळलं की मनगटाला एक शेड लागते, बंडीच्या आत दुसरी आणि तळहाताला तिसरीच. कुणी शिकवलं नव्हतं. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

मग मी तिला मोबाईलवर अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेलचं १९६४ चं ‘द प्रॉब्लेम वी ऑल लिव्ह विथ’ हे चित्र दाखवलं. सहा वर्षांची रुबी ब्रिजेस, १४ नोव्हेंबर १९६० ला, म्हणजे आपल्या बालदिनाच्या तारखेला, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधल्या गोऱ्यांच्या एका शाळेत गेलेली पहिली काळी मुलगी, आणि तिच्या रक्षणाला मागेपुढे चार सरकारी मार्शल. भाची म्हणाली, “मावशी, ह्या पोलिसांना डोकी का नाहीत गं?” म्हटलं तूच सांग. “ती छोटी आहे ना, तिला तेवढंच दिसतंय.” भिंतीवर फुटलेला टोमॅटोपण तिनेच शोधला, कुणी मारला, का मारला, मी खरं ते सांगितलं आणि प्रश्न काही संपेनात. अजून लहान आहेस म्हणून ह्या वयात पोरांना गप्प करू नये असं मला मनापासून वाटतं, रुबीला कुणी लहान म्हणून सोडलं नव्हतं. नंतर तिने तीच मुलगी काढली, पांढरा फ्रॉक, हातात वही-पट्टी, चेहरा तीन खडू एकावर एक घोटून.

विकणाऱ्याचं पॅकिंग मात्र अगदीच बेकार, दोन खडू मोडून आले. आणि ह्यात निळा-हिरवा काहीच नाही, त्यामुळे साधी रंगपेटी सोबत द्याच, नाहीतर आभाळ काढताना अडतं.