द लॅव्हेंडर हिल मॉब (१९५१) : साचा तोच, माल वेगळा

लंडनच्या ईलिंग स्टुडिओचा हा कृष्णधवल विनोदी चोरीपट जेमतेम ८० मिनिटांचा आहे. दिग्दर्शक चार्ल्स क्रिक्टन, लेखक टी. ई. बी. क्लार्क, कॅमेरा डग्लस स्लोकोम्ब. क्लार्क यांना कथा-पटकथेचं ऑस्कर मिळालं. अ‍ॅलेक गिनेस यांना अभिनयाचं नामांकन होतं, आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाचा बाफ्टाही याच सिनेमाला मिळाला. पण आज तो बघावा तो यातल्या चोरीच्या आखणीसाठी. ती अगदी हिशेबनीस डोक्याची आहे.

हॉलंड (गिनेस) हा बँकेचा कारकून. सोन्याच्या विटांच्या गाडीबरोबर वर्षानुवर्षं जातो आणि इतका काटेकोर वागतो की वरिष्ठांना त्याचा कंटाळाच येतो. सोनं पळवणं त्याला जमण्यासारखं आहे. अडतं ते ते देशाबाहेर काढण्यावर, कारण इंग्लंडात एवढा माल खपवायचा कुठे? उत्तर लॉजमधल्या नव्या भाडेकरूकडे, पेंडलबरीकडे (स्टॅनली हॉलोवे) असतं. तो शिशाच्या शोभेच्या वस्तू ओततो. त्यांतले आयफेल टॉवरचे पेपरवेट पॅरिसला जातात. साचा तोच, खोकी तीच, पाठवणीची वाटही तीच. फक्त शिशाच्या जागी सोनं ओतायचं.

इथे जाणकार हटकून दोन शंका काढेल. शिसं ३२७ अंशांना वितळतं, सोन्याला १०६४ अंश सेल्सियस लागतात; शिशाची साधी भट्टी पुरणार नाही. शिवाय त्याच मापाचा सोन्याचा टॉवर शिशाच्या टॉवरपेक्षा सुमारे १.७ पट जड भरेल. लूट १० लाख पौंडांची. तेव्हाच्या भावाने ते सोनं अडीच टनांच्या घरात जातं. सिनेमा हे सगळं हसत हसत उडवून लावतो, आणि ते चालून जातं.

साथीदार मिळवण्याची युक्ती तर फर्मास आहे. दोघं गर्दीच्या ठिकाणी, भुयारी रेल्वेतसुद्धा, मोठ्याने बोलतात : कारखान्याची तिजोरी बिघडलीय आणि पगाराची रक्कम आत पडून आहे. मग रात्री अंधारात दबा धरून बसायचं. जे चोर फसून येतील तेच भागीदार! सिड जेम्स आणि आल्फी बास असे गळाला लागतात.

घोळ होतो तो एका अक्षरामुळे. ‘आर’ची खूण असलेली खोकी फोडायची नाहीत, अशी पॅरिसच्या दुकानात ताकीद असते. फ्रेंचमध्ये ‘ए’ अक्षराला ‘आ’ म्हणतात, त्यामुळे इंग्रजी उच्चारातला ‘आर’ दुकानातल्या फ्रेंच बाईला ‘ए’ वाटतो, आणि सोन्याचे सहा टॉवर इंग्लंडच्या शाळकरी मुलींना विकले जातात. त्यानंतर आयफेल टॉवरच्या गोल जिन्यावरून चक्कर येईपर्यंत खाली धावणं, आणि फ्रान्सच्या कॅले बंदरात पासपोर्ट, चलन आणि जकातीच्या खिडक्यांवर अडकत बोट हुकणं. एकामागून एक कागद आडवा येतो आणि आपला जीव टांगणीला लागतो. संपूर्ण सिनेमातला हा भाग मला सर्वांत सरस वाटतो.

शेवटचा पोलिसगाड्यांचा पाठलाग थोडा लांबला आहे. चोरांनी वायरलेसवर दिलेल्या खोट्या सूचनांची गंमत दोनदा होते, तिसऱ्यांदा विरते. तरी गाड्यांची टक्कर झाल्यावर पोलिसांच्या रेडिओवर बालगीत वाजू लागतं तेव्हा हसू आवरत नाही.

कॉकनी ही लंडनची बोली भरभर कानावरून जाते, म्हणून सबटायटल्स लावून बघा. सुरुवातीच्या हॉटेलच्या दृश्यात ऑड्री हेपबर्न काही क्षण दिसते. मोबाईलकडे पाहिलंत तर हुकेल. आणि हॉलंड रिओत बसून ही गोष्ट सांगतोय, म्हणजे तो सुटला, असं धरून चालू नका. आवडला तर क्रिक्टन यांचाच १९८८चा ‘अ फिश कॉल्ड वांडा’ लावा. तोही चोरीचाच, पण बराच चावट. मुलांना बरोबर घेऊन बघायचा तर हा जुनाच बरा.